कुत्र्याची ॲलर्जी: सुजलेल्या तोंडाआधी हिरड्या पाहाव्यात

एके वर्षी दिवाळी होऊन पंधरवडा उलटला होता आणि गुऱ्हाळे नुकतीच पेटली होती, तेव्हा करवीर तालुक्यातील नातेवाइकांच्या गुऱ्हाळावर आम्ही आमच्या खंड्याला बरोबर घेऊन गेलो होतो. काहिलीत उकळणाऱ्या रसावरची मळी काढून बाजूला टाकतात आणि तिच्यावर मधमाश्या व गांधीलमाश्या घोंगावत असतात, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. खंड्याने त्या मळीत तोंड घातले, एकदाच केकाटला, पंजाने नाक घासले आणि गप्प झाला. तोंड सुजले नाही, अंगावर काही उठले नाही, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. दहा-पंधरा मिनिटांनी त्याला उलटी झाली, पाठोपाठ पातळ जुलाब झाला, आणि चुलवाणाच्या उबेला जाऊन तो असा आडवा पडला की हाक मारली तरी त्याची शेपूट हलली नाही. “रस बाधलाय त्याला, ताक पाजा,” असे गुळव्याने सांगितले, आणि मुलांनी त्याला सकाळपासून रस पाजलेला असल्यामुळे मलाही ते पटले. त्या समजुतीत अर्धा तास गेला. शहरात आणल्यावर पशुवैद्यकांनी प्रथम त्याचा ओठ उचलला, पांढऱ्याफटक पडलेल्या हिरडीवर बोट दाबले आणि विचारले, “माशी चावली का याला?” काय खाल्ले, हा प्रश्न त्यांनी नंतर विचारला.

मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन, शिरेतून सलाईन आणि दवाखान्यात एक रात्र एवढ्यावर खंड्या वाचला. मात्र आमची चूक कुठे झाली हे समजून घेतल्याशिवाय पुढचे मार्गदर्शन उपयोगाचे नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ॲलर्जी म्हणजे सूज आणि पुरळ, असे चित्र आपल्या मनात माणसांवरून पक्के बसलेले असते. कुत्र्याच्या बाबतीत ते अर्धवट आहे.

शरीराला एखादा पदार्थ शत्रू वाटू लागला, की त्वचेत, आतड्यांत आणि इतरत्र विखुरलेल्या मास्ट पेशी हिस्टामिन व तत्सम रसायने एकदम सोडतात. त्यांमुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांतील पाणी बाहेर झिरपू लागते. हे त्वचेपुरते मर्यादित राहिले तर पित्त उठते, ओठ व पापण्या सुजतात. सर्व शरीरभर झाले, तर त्याला ॲनाफायलॅक्सिस म्हणतात. त्याचा सर्वांत मोठा तडाखा माणसामध्ये बहुधा श्वासमार्गाला बसतो, तर कुत्र्यामध्ये तो यकृताला आणि आतड्यांना बसतो. यकृतातून हृदयाकडे परतणारे रक्त अडून राहते, पोटातील अवयवांत साचते, हृदयाकडे पुरेसे रक्त येत नाही आणि रक्तदाब कोसळतो. म्हणूनच उलटी, जुलाब, कधी रक्तमिश्रित जुलाब, पायांतील त्राण जाणे आणि बेशुद्धी ही कुत्र्यातील गंभीर ॲलर्जीची खरी लक्षणे आहेत. त्यांच्यासोबत तोंडावर सूज असेलच असे नाही. तोंड सुजून टुम्म झालेले, पण शेपूट हलवत इकडेतिकडे फिरणारे कुत्रे दिसायला भयंकर दिसते. सूज अजिबात नसलेले आणि दोनदा उलटी करून निपचित पडलेले कुत्रे त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्यात असते.

हिरडी पाहण्याची सवय

कुत्रे धडधाकट असताना, आजच, त्याचा वरचा ओठ सुळ्याच्या वर हलकेच उचलून हिरडी पाहावी. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. तिच्यावर बोटाचे टोक दाबून सोडले की तो ठिपका पांढरा पडतो आणि साधारण एक ते दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतो. “एकशे एक, एकशे दोन” असे सावकाश म्हणेपर्यंत रंग परत यायला हवा. त्याहून अधिक वेळ लागत असेल, किंवा दाबण्याआधीच हिरडी फिकट, राखाडी अथवा निळसर दिसत असेल, तर रक्ताभिसरण बिघडले आहे असे समजावे. पुष्कळ देशी कुत्र्यांच्या आणि काही जातिवंत कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या बाबतीत खालची पापणी किंचित ओढून आतील अस्तराचा रंग पाहावा. आपल्या कुत्र्याचा नेहमीचा रंग ठाऊक नसेल तर संकटाच्या वेळी रंग बदलला की नाही हे कळत नाही, म्हणून मोबाइलमध्ये हिरडीचा आणि चेहऱ्याचा दिवसाउजेडी काढलेला एकेक फोटो ठेवावा. हे थोडे हास्यास्पद वाटते, पण रात्री अकरा वाजता “याचे थोबाड नेहमी असेच असते का?” या प्रश्नावर घरात चार मते पडतात तेव्हा तो फोटोच उपयोगी पडतो.

नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेजवळ लागते. विश्रांतीत मोठ्या कुत्र्याचे ठोके मिनिटाला ६० ते १०० आणि लहान जातीच्या कुत्र्याचे १०० ते १४० च्या घरात असतात. पिल्लांचे याहून जास्त. श्वास शांत झोपेत मिनिटाला ३० च्या आत असावा. ताप पाहायचा असल्यास गुदद्वारात थर्मामीटर घालून पाहतात आणि १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे कुत्र्याचे स्वाभाविक तापमान आहे, त्यामुळे आपल्या हाताला ते नेहमीच कोमट लागणार. प्रसंगी नाडी मोजत बसण्यात वेळ घालवू नये. ठोके अतिशय वेगात आणि धाग्यासारखे बारीक लागत आहेत, एवढे कळले तरी पुरेसे असते.

घड्याळ आणि कारण

लक्षण दिसताच पहिला प्रश्न असा विचारावा: गेल्या तासा-दोन तासांत याच्या बाबतीत नवीन काय घडले? माशी चावणे, लस, इंजेक्शन, नवी गोळी, गोचिडांसाठी लावलेले नवे औषध, नेहमीपेक्षा वेगळा एखादा खाद्यपदार्थ ही नेहमीची कारणे होत. गंभीर प्रतिक्रिया बहुतेक वेळा काही मिनिटांत ते अर्ध्या तासात सुरू होते, आणि जितकी लवकर सुरू होते तितकी ती तीव्र असण्याची शक्यता अधिक. त्वचेवरची सूज आणि पित्त काही तासांनीही येऊ शकते. “अहो, याला मागेही माशी चावली होती, तेव्हा काही झाले नव्हते,” हे वाक्य दवाखान्यात वारंवार ऐकू येते. पण ते धीर देणारे नाही. पहिल्या वेळी शरीर त्या पदार्थाची ओळख करून घेते, आणि प्रतिक्रिया त्यानंतरच्या कोणत्याही भेटीत उमटू शकते.

पित्त ओळखणे आखूड केसांच्या कुत्र्यात सोपे असते, कारण पाठीवरचे आणि बरगड्यांवरचे केस जागोजागी पुंजक्यांनी उभे राहिल्यासारखे दिसतात आणि हात फिरवला की खाली चपटे उंचवटे लागतात. पोमेरेनियन, जर्मन शेफर्ड अशा दाट केसांच्या कुत्र्यात ते दिसत नाहीत. तिथे पोटाची आणि मांडीच्या आतली उघडी त्वचा पाहावी व कानांच्या पाळ्या चाचपाव्यात. चेहऱ्याची सूज ओठ, नाकाचा वरचा भाग आणि पापण्या येथे येते. ती मऊ असते, बोटाने दाबली तर फारशी दुखत नाही, आणि कुत्रे तोंड जमिनीला किंवा सतरंजीला घासत राहते.

माशी चावल्यावर

कोल्हापूर परिसरात आणि एकूणच उसाच्या पट्ट्यात हा प्रसंग सर्वांत जास्त येतो. गुऱ्हाळांचा हंगाम, रसवंत्या, फुलोऱ्यावर आलेली झाडे, उंच झाडांना आणि कड्यांना लटकलेली आग्या मोहोळे, घराच्या वळचणीला गांधीलमाश्यांनी केलेली घरटी, अशी निमित्ते पुष्कळ असतात. शिवाय उडणारी वस्तू दिसली की तोंडाने पकडायची, हा कुत्र्याचा स्वभावच आहे.

मधमाशीची नांगी काटेरी असल्यामुळे ती त्वचेत रुतून बसते आणि विषाच्या पिशवीसह मागे राहते. ती पिशवी पुढेही काही काळ विष सोडत असते. त्यामुळे नांगी दिसली तर ती नखाने, एटीएम कार्डाच्या कडेने किंवा हाती येईल त्या साधनाने ताबडतोब काढावी. चिमटा वापरावा की खरवडावे या वादात वेळ दवडण्यापेक्षा लवकर काढणे महत्त्वाचे. गांधीलमाशी नांगी मागे ठेवत नाही आणि पुन्हा पुन्हा डंख मारू शकते, म्हणून कुत्र्याला प्रथम त्या जागेपासून दूर न्यावे. त्यानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची पट्टी दहा मिनिटे धरावी. डंखाच्या जागी लिंबाएवढी सूज येऊन एक-दोन दिवसांत ओसरणे हे स्वाभाविक आहे. सूज डंखाच्या जागेपासून दूर, उदाहरणार्थ पायाला माशी चावून तोंड सुजले, तर ती सर्वांगीण ॲलर्जी समजावी.

आपल्याकडे डंखावर चुना लावण्याची, कांदा चोळण्याची, लोखंड घासण्याची पद्धत आहे. माणसाचे काय ते ज्याचे त्याने पाहावे, पण कुत्र्याच्या नाकावर लावलेला चुना डोळ्यांत जातो आणि भाजतो, तर चोळलेला कांदा ते चाटून गिळते आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतो. हळदीने नुकसान होत नाही, मात्र तिच्या पिवळ्या थराखाली सूज वाढते आहे की उतरते आहे हे कळेनासे होते.

तोंडाच्या आत किंवा घशात डंख झाला असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही आणि सूज मात्र श्वासमार्ग बंद करू शकते. लाळ गळणे, घोट घेताना मान ताणणे, आवाज बदलणे, श्वास आत घेताना घरघर होणे यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना श्वासाची मोकळीक मुळातच कमी असते. त्यांच्यासाठी ही घाई दुप्पट. मोहोळ उठून अनेक माश्या चावल्या असतील तर प्रश्न ॲलर्जीपुरता राहत नाही, तो विषाच्या मात्रेचा होतो. असे कुत्रे त्या वेळी बरे दिसले तरी दाखवावे आणि पुढचे दोन-तीन दिवस लघवीचा रंग पाहत राहावे. ती तांबूस किंवा चहासारखी गडद झाली तर रक्तपेशी फुटत असल्याची आणि मूत्रपिंडांवर ताण येत असल्याची ती खूण असते.

ही सूज सापाची तर नाही ना?

शेतवस्तीवर, गोठ्याजवळ किंवा उसाच्या फडाकडेला फिरणाऱ्या कुत्र्याचे तोंड अचानक सुजले, की माशी हे पहिले अनुमान असू नये. घोणस चावल्याची सूज बहुधा एका बाजूला सुरू होते, झपाट्याने पसरते, कडक होत जाते, हात लावू देणार नाही इतकी दुखते, आणि दाताच्या खुणांतून रक्त थांबत नाही; पुढे हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ शकते. फुरसेही रक्त गोठण्याच्या क्रियेवरच घाला घालते. नागाच्या दंशात सुजेबरोबर पापण्या मिटणे, लाळ गळणे, मान टाकणे आणि श्वास मंदावणे दिसते, तर मण्यार चावल्याची जागा सापडतही नाही आणि कुत्रे हळूहळू लुळे पडत जाते. या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच संयुक्त प्रतिविष दिले जाते, ते फक्त दवाखान्यात मिळते, आणि ॲलर्जीच्या गोळीचा तिथे काहीही उपयोग नसतो. पट्टा आवळून बांधणे, चीर देणे, रक्त चोखणे यांतले काही करू नये. सूज पाहून शंका वाटली तर डॉक्टरांना फोनवर “ॲलर्जी झाली आहे” असे सांगू नये. “एका बाजूला सूज आहे, दुखते आहे, रक्त येते आहे, उसाच्या कडेला होता” असे जे दिसले तेच सांगावे. निदान त्यांनाच करू द्यावे.

प्रत्यक्ष काय करावे

उलट्या किंवा जुलाब, फिकट हिरड्या, उभे राहता न येणे, श्वासाला त्रास, शुद्ध हरपणे: कारण घडल्यानंतर यांपैकी एकही दिसले तर घरी उपचार करत बसू नये, निघावे. एकाने गाडी किंवा रिक्षा काढावी, दुसऱ्याने दवाखान्यात फोन करून कुत्र्याचे वजन, काय घडले, किती वाजता घडले आणि आपण किती मिनिटांत पोहोचतो हे सांगावे, म्हणजे इंजेक्शन भरून तयार ठेवता येते. पन्हाळ्याहून शहर सुमारे २० किलोमीटर आणि गगनबावड्याहून ५५ किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे वस्ती लांबची असेल तर “शहरातल्या चांगल्या डॉक्टरांकडेच नेऊ” हा आग्रह सोडून वाटेवरच्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी थांबावे. ॲड्रेनॅलिन, सलाईन आणि ऑक्सिजन ही या अवस्थेतील मुख्य उपचारसामग्री असून, त्यांतील पहिले जितके लवकर तितके गुणकारी. गाय-म्हशींच्या सेवेसाठी असलेला १९६२ हा टोल-फ्री क्रमांक पुष्कळांना माहीत आहे, परंतु कोसळलेल्या कुत्र्यासाठी फिरत्या पथकाची वाट पाहण्यापेक्षा स्वतः निघणे शहाणपणाचे.

वाटेत कुत्र्याला चालवू नये; चादरीची झोळी करून दोघांनी उचलावे. एका कुशीवर झोपवून मान सरळ, किंचित पुढे ताणलेली ठेवावी, तोंडात ओकारी साचली असेल तर फडक्याने पुसून काढावी, गळ्यातील पट्टा सैल करावा. दम लागलेल्या आणि ओकणाऱ्या कुत्र्याला मुसके बांधू नये. पाणी, दूध, ताक, ग्लुकोज, काहीही तोंडावाटे देऊ नये, कारण अर्धवट शुद्धीतल्या प्राण्याच्या फुप्फुसात ते जाते. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याचा आपल्याकडचा प्रकार धडधाकट कुत्र्यासाठीही बरा नाही. अशा वेळी तर मान दुमडून श्वास अडण्याचा धोका असतो.

केवळ पित्त किंवा चेहऱ्यावर मऊ सूज असेल, आणि कुत्रे सावध, चालते-फिरते, गुलाबी हिरड्यांचे असेल, तर श्वास घेण्याइतकी सवड आहे. डॉक्टरांना फोन करावा, फोटो पाठवावा, आणि पुढचे काही तास दर पंधरा मिनिटांनी हिरडी व श्वास पाहावा. सूज वाढत असेल किंवा एक जरी उलटी झाली, तरी वर सांगितल्याप्रमाणे लगेच दवाखान्याकडे निघावे.

गोळ्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. घरात सर्दीची गोळी असते, तिच्यावर “ॲलर्जीसाठी” असे दुकानदाराने सांगितलेले असते, आणि ती अर्धी करून कुत्र्याला देण्याचा मोह होतो. अशा पुष्कळ गोळ्यांत क्लोरफेनिरामिन या ॲलर्जीच्या औषधाबरोबर पॅरासिटामॉल आणि चोंदलेले नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन मिसळलेले असते. पॅरासिटामॉल अधिक मात्रेत कुत्र्याच्या यकृताला आणि रक्ताला घातक आहे, तर फेनिलेफ्रिन हृदयगती व रक्तदाब बिघडवते. बिनसाखरेच्या सिरपांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेले असू शकते आणि ते कुत्र्याची रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली आणते. शुद्ध सेटिरिझिनसारखी हिस्टामिनविरोधी औषधे पशुवैद्यक कुत्र्यांना देतात हे खरे आहे, पण पोटातून घेतलेल्या गोळीचा परिणाम दिसायला वेळ लागतो आणि कोसळलेला रक्तदाब ती वर आणू शकत नाही. यावर उपाय असा, की कुत्रे निरोगी असताना नेहमीच्या डॉक्टरांना विचारून, त्याच्या आजच्या वजनानुसार कोणते औषध, किती मात्रेत आणि कोणत्या परिस्थितीत द्यायचे हे त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावे. ऐन वेळी औषधाच्या दुकानात विचारणे किंवा शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दिलेली मात्रा आपल्याला लावणे, हे दोन्ही टाळावे.

इंजेक्शन घेऊन कुत्रे सुधारले की लगेच घरी न्यावेसे वाटते. परंतु औषधाचा असर उतरल्यावर काही तासांनी तीच लक्षणे पुन्हा उसळू शकतात. गंभीर प्रसंगानंतर किमान एक दिवस देखरेख हवी. डॉक्टरांनी रात्रभर ठेवा म्हटले तर ते बिल वाढवण्यासाठी म्हटले आहे, असे समजू नये.

लस आणि इंजेक्शने

लसीनंतर एखादा दिवस सुस्ती, थोडा ताप, टोचलेल्या जागी गाठ येणे ही ॲलर्जी नव्हे. तोंड सुजणे, अंगावर पित्त, उलट्या, कोसळणे ही ॲलर्जी. ती बहुधा पहिल्या काही तासांत दिसते, आणि लहान चणीच्या कुत्र्यांना एकाच भेटीत अनेक लसी दिल्यास तिचे प्रमाण वाढते. यासाठी लस सकाळी द्यावी, म्हणजे त्रास झालाच तर दवाखाना उघडा असतो, आणि टोचल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या आवारातच थांबावे. एकदा प्रतिक्रिया आली म्हणून रेबीजची लस कायमची बंद करण्याचा निर्णय काही लोक परस्पर घेतात. तो चुकीचा आहे. डॉक्टर लसी वेगवेगळ्या दिवशी विभागून, आधी औषध देऊन, देखरेखीखाली देऊ शकतात. मागील प्रतिक्रियेची तारीख आणि लसीचे नाव मात्र लसीकरणाच्या पुस्तकात लिहिलेले हवे.

महिनोन्‌महिने न जाणारी खाज

आतापर्यंत लिहिले ते मिनिटांचे प्रकरण झाले. ॲलर्जीचा दुसरा प्रकार जिवावर बेतत नाही, पण कुत्र्याचे आणि घरच्यांचे जगणे कठीण करतो, आणि त्यात घाईपेक्षा चिकाटी लागते. पंजे सतत चाटणे, पांढऱ्या केसांच्या कुत्र्याचे पंजे लाळेने तांबूस होणे, वारंवार कान फडफडवणे आणि कानातून वास येणे, काखा व जांघा लाल होणे, शेपटीच्या बुडाशी केस झडणे ही त्याची चिन्हे आहेत.

खाज कुठे आहे यावरून कारणाचा अंदाज येतो. कंबर, शेपटीचे मूळ आणि मांड्यांची मागची बाजू खाजत असेल तर पिसवांच्या लाळेची ॲलर्जी प्रथम धरावी. “आमच्याकडे एकही पिसू नाही” असे सांगणारे बहुतेक जण प्रामाणिक असतात. ॲलर्जी असलेले कुत्रे इतके चाटते की पिसू सापडतच नाही, आणि त्रास व्हायला मोजके चावे पुरतात. बारीक दातांच्या फणीने कंबरेवरचे केस विंचरून निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर टाकावी. तिच्याभोवती तांबूस ओघळ पसरला तर ती माती नसून पचलेले रक्त, म्हणजे पिसवांची विष्ठा आहे. पिसवांची अंडी आणि अळ्या कुत्र्यापेक्षा सतरंजी, सोफा आणि फरशीच्या फटींत अधिक असतात, त्यामुळे घर झाडणे, अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि घरातील सर्वच प्राण्यांना औषध देणे हे एकत्र करावे लागते. गोठ्यातल्या जनावरांसाठी आणलेले गोचिडांचे औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याच्या अंगावर ओतण्याची पद्धत मात्र विषबाधेला आमंत्रण आहे.

पंजे, चेहरा, कान आणि काखा यांची खाज सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू झाली असेल, तर ती घरातील धुळीतील सूक्ष्म किडे, परागकण, बुरशी यांसारख्या परिसरातील गोष्टींची असण्याचा संभव अधिक. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, पग, शिह त्झू या जातींत ती वरचेवर आढळते. कोल्हापूरचा पावसाळा अशा कुत्र्यांना जड जातो. चार महिने ओले राहणारे पंजे आणि दमट अंथरूण यांमुळे ॲलर्जीने हळव्या झालेल्या त्वचेवर यीस्ट व जिवाणू वाढतात आणि आंबूस वास येऊ लागतो. बाहेरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे पुसणे हा उपाय फुकटचा आहे आणि त्याचा गुण येतो. पाऊस ओसरल्यावर माजणारे गाजरगवत हे आणखी एक कारण: त्यात लोळणाऱ्या कुत्र्याच्या पोटाच्या उघड्या त्वचेवर लालसर पुरळ आले, तर फिरायचा रस्ता बदलून पाहावा. कानांच्या कडा आणि पुढच्या पायांची कोपरे खाजत असतील आणि घरातील माणसांनाही खाज सुटली असेल, तर ती ॲलर्जी नसून खरूज असू शकते. तिचा उपचार पूर्ण वेगळा आहे.

अन्नाची ॲलर्जी बारमाही असते आणि तिच्यात खाजेबरोबर कधी पोटही बिघडते. “हा जन्मापासून चिकन-भातच खातो, मग आत्ताच कशी ॲलर्जी होईल?” असे विचारले जाते, वस्तुतः ॲलर्जी वारंवार खाल्लेल्या पदार्थाचीच होते, आणि चिकन, बीफ, दूधदुभते, गहू ही तिची नेहमीची कारणे आहेत. रक्त, केस किंवा लाळ तपासून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्या भरवशाच्या नाहीत. एकच खरी चाचणी आहे: कुत्र्याने आजवर न खाल्लेले एकच प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ, म्हणजे कधीच मासे खाल्ले नसतील तर मासे आणि रताळे, किंवा डॉक्टरांनी सुचवलेले विशेष खाद्य, किमान आठ आठवडे देणे आणि दुसरे काहीही न देणे. यात चहात बुडवलेली खारी, आजीने हळूच पुढे केलेला दशमीचा तुकडा आणि मांसाच्या चवीची गोळीसुद्धा आली. आमच्या घरी पहिला प्रयोग सहाव्या आठवड्यात मोडला, तो कुणी कशासाठी मोडला याचा तपास अद्याप लागलेला नाही. खाज थांबली तर जुने अन्न पुन्हा देऊन पाहतात. साधारण दोन आठवड्यांच्या आत ती परतली, तर निदान पक्के. उरलेला तांबडा रस्सा कुत्र्याला घातल्यावर होणारा त्रास मात्र ॲलर्जी नव्हे. त्यातील कांदा-लसूण हे कुत्र्यासाठी विष आहे आणि तो कुठल्याही कुत्र्याला चालत नाही.

खाजेवर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून जुन्या चिठ्ठीवर त्या पुन्हा पुन्हा आणल्या जातात. दीर्घकाळ दिल्यास तहान, लघवी आणि भूक वाढते, त्वचा पातळ होते, जंतुसंसर्ग बळावतो, आणि एकदम बंद केल्या तरीही धोका असतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या क्रमाने मात्रा उतरवत न्यावी. आता स्टेरॉइडखेरीज खाज रोखणारी औषधेही उपलब्ध आहेत. ती महाग आहेत, पण वर्षानुवर्षे औषध लागणार असेल तर त्यांच्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर खंड्याचे वजन आणि ते कोणत्या तारखेला केले, नेहमीच्या डॉक्टरांचा आणि रविवारी उघड्या असणाऱ्या दुसऱ्या दवाखान्याचा क्रमांक, रात्री फोन उचलणाऱ्या रिक्षावाल्यांचा क्रमांक, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी व तिची मात्रा आहे. त्याखाली लाल शाईने “मधमाशी: गंभीर. सूज येत नाही, उलटी होते” असे लिहिले आहे, कारण घरी मी नसेन तेव्हा त्याला दवाखान्यात नेणाऱ्याने दारातून हेच वाक्य प्रथम सांगायचे आहे. दर दिवाळीला, गुऱ्हाळे पेटण्याआधी, वजन करून तो कागद बदलतो.